वर्ग सत्तेचाळीस : भोपळा, एक नग

बीट तीन, एकसारखे, शेपूट न तुटलेले,
पाला दोन इंचांवर कापलेला.
कांदे पाच. सोलायचे नाहीत, नुसते झटकायचे.
डेलिया एक, बिअरच्या रिकाम्या बाटलीत,
लेबल खरवडून काढलेलं हवं.
हे सगळं पुस्तिकेत छापलंय, तरी दरवर्षी
कोणीतरी चारच कांदे घेऊन येतं
आणि पाचवा गाडीत राहिला म्हणतं.

एकोणीस सप्टेंबर मी या टेबलामागे बसले आहे.
कर्लिंगचा हॉल; बर्फ अजून घातलेला नाही,
सिमेंटवर निळी-लाल वर्तुळं पुसट दिसतात,
त्यांच्यावर आता गाजरं, मुरंब्याच्या बरण्या, ग्लॅडिओलस.
बाहेर मेंढ्या.
ऑल्डर खोऱ्यातलं अख्खं गाव
शुक्रवारी रात्री आठच्या आत माझ्यासमोरून जातं,
नखांत माती, हातात कागदी बशी.

कॉर्नेलियस वाइब शेंगा मोजतो नातवाच्या फूटपट्टीनं.
टेगनच्या गाजराला दोन पाय आहेत,
तिनं त्याला मोजे विणलेत.
ते वर्ग एकसष्टमध्ये : विचित्र भाजी, बारा वर्षांखालील.

साडेसातला थोरा हॉकन्सन आली
ढकलगाडीत भोपळा घेऊन,
केशरी, एका कुशीवर फिकट, जिथे तो टेकला होता.
मी कार्ड पुढे केलं.
तिनं पेन उचललं, खाली ठेवलं.
"मूळ त्याच्याकडे आहे," ती म्हणाली.

त्याच्याकडे म्हणजे डेल्बर्ट पेनरकडे.
कुंपण कोणाच्या हद्दीत नऊ इंच सरकलं, यावरून
अकरा वर्षं दोघांत शब्द नाही.
विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणावं तर
विळा कधी कोणी उचलला नाही,
नुसती हिवाळ्यात दोन वेगळ्या फावड्यांनी
एकाच वाटेवरचा बर्फ काढणारी माणसं.
वेलीला मात्र मोजणीचा नकाशा कोणी दाखवला नव्हता.
जूनमध्ये ती फळीच्या भोकातून निघाली,
थोराच्या बटाट्यांवरून गेली
आणि तिथे धरली.

"उपटली का नाहीस?"
"फूल लागलं होतं."

मग तिनं खाली फळी सरकवली, कुजू नये म्हणून.
ऑगस्टात वरचं जंगल पेटलं, खोऱ्यात धूर साचला,
पानांवरची राख ती ओल्या फडक्यानं पुसायची.
पलीकडून रोज पहाटे पाणी सोडल्याचा आवाज.
खत कोणतं घातलं, तिला ठाऊक नाही.
विचारणार कसं?

नियम सहा : प्रदर्शकानं स्वतः पिकवलेलं.
नियम नऊ : कार्डावर एकच नाव.
तिनं दोन लिहिली, त्याचं आधी,
पेनरमधला एक एन गाळून.
मी काही बोलले नाही. आठ वाजत आले होते.

शनिवारी परीक्षक बाई आल्या, पांढरा कोट, खिशात सुरी.
त्यांनी भोपळ्याला बोटानं ठोकलं, कान लावला,
बराच वेळ लावला.
मग कार्ड वाचलं.
इथे पहिल्याला लाल फीत, दुसऱ्याला निळी,
शिवाय तीन डॉलर.
याला काहीच नाही. भोपळ्याला भोपळा.
कार्डावर पेन्सिलीनं : नियम नऊ.
आणि खाली, अगदी बारीक : साल उत्तम.

डेल्बर्ट दुपारी आला, जॅमच्या रांगेमागून, पाय ओढत.
कार्डासमोर उभा राहिला. चष्मा पुसला.
खिशातलं पेन काढून
गळालेला एन घातला.

रविवारी चारला घंटा होते, ज्यानं त्यानं आपलं न्यायचं.
डेलियांच्या पाकळ्या झाडल्या गेल्या,
गाजर मोज्यांसकट घरी गेलं.
मी वही मिटत होते, सगळं पाहिलं असं म्हणणार नाही.
ती टेबलाच्या या बाजूला होती, तो त्या.
तो वाकला, देठाला हात घातला.
"देठाला धरू नये," थोरा म्हणाली. "तुटतो."
"माहीत आहे," तो म्हणाला,
आणि हात खाली नेला, फिकट बाजूकडे.