पस्तीस दातांचं चाक

दैवशालानं एस्टीम ढकलतच आणली
जालन्याच्या जुन्या मोंढ्यामागं, उस्तादांच्या शेडमध्ये.
डिक्कीत चार नव्या कॉइल, जुन्या साडीत गुंडाळलेल्या,
जशी बाजारातून अंडी आणावीत.

उस्ताद मुनीरोद्दीननी जुना डिस्ट्रिब्युटर उपसून काढला,
टोपी उलटी केली, आतली काजळी बोटाला लावून पाहिली.
"एक ठिणगी अन् चार घरं.
बिचारा दारोदार वाटत फिरायचा.
आता ज्याची चूल त्याच्या घरात."

मग ते चाक, क्रँकच्या पुलीमागं बसवायचं.
जागा छत्तीस दातांची, दात पस्तीस.
एक मुद्दाम पाडलेला.
मी म्हणालो, सेन्सर दात मोजत जातो,
रिकामी जागा आली की इंजिनला कळतं आपण कुठं आहोत.
उस्ताद हसले तेव्हा त्यांची समोरची खिडकी दिसली,
कधीकाळी रोलिंग मिलच्या साखळीनं पाडलेली.
"हौ. मला बी तिथूनच कळतं."

तीन रात्री तिसरा सिलिंडर चुकत राहिला.
प्लग बदलला. गॅप पॉइंट सातवर आणली.
कॉइलची अदलाबदल केली, ड्वेल वाढवला,
लॅपटॉपवर सगळं हिरवंगार.
पहाटे उस्ताद म्हणाले, अर्थ लागत नाही.
मी म्हणालो, मलाही.
"तुझा नाही रे, हिचा,"
आणि हेडवरच्या बोल्टखालचा रंग
पॉलिश पेपरनं घासला, उघडा धातू चमकेपर्यंत,
जाड काळी वायर तिथं कसली.
चारही घरं एकदम बोलायला लागली.

ठिणगी आधी पडावी लागते.
पिस्टन वर पोचायच्या आधी, तीस अंश, चौतीस अंश,
कारण पेट घ्यायला वेळ लागतो
आणि सहा हजार फेऱ्यांवर वेळ कुणाकडंच नसतो.
पण फारच आधी पडली, तर जाळ
वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यावर आपटतो.
त्याचा आवाज होतो
पत्र्यावर मूठभर ज्वारी फेकल्यासारखा.

तो आवाज उस्तादांना ऐकू येत नाही.
शेडच्या आधी बावीस वर्षं मिलमध्ये काढली;
बारीक आवाज पहिले गेले,
चिमण्या, मग नातवाची शिट्टी, मग ही ज्वारी.
म्हणून त्यांनी फायरवॉलला भोक पाडून
एक सळई आत आणली.
एक टोक ब्लॉकला आवळलेलं, दुसऱ्यावर रुमाल,
आणि ते टोक दाढेत धरून
बसले दैवशालाच्या शेजारी, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ.

एमआयडीसीचा नवा टप्पा. प्लॉट आखलेले, माणूस नाही.
रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा, मध्ये चारशे दोन मीटर.
रात्रीचे दोन. मी मागं, मांडीवर लॅपटॉप.
दुसरा गिअर. तिसरा.
मला ऐकू आला एक्झॉस्ट, वारा, दैवशालाची एक शिवी,
बाकी काही नाही.
उस्तादांनी तीन बोटं वर केली.
चौतीसवरून एकतीस.
गाडी वळवली, पुन्हा.
आता एकच बोट, तेही अर्धं वाकवलेलं.
सॉफ्टवेअरमध्ये अर्धा अंश असतो
हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.
तिसऱ्या फेरीत बोट उठलंच नाही.

इंजिन बंद झालं तरी सळई त्यांनी सोडली नाही.
गार होणारं लोखंड टिकटिक करतं,
तेवढं ऐकून घेतलं, मग उतरले.

तिसरा प्लग काढला, फडक्यात धरून,
बियाण्याच्या लॅबमधून मागून आणलेल्या भिंगाखाली
कितीतरी वेळ फिरवत राहिले.
पोर्सेलिन बदामी. चंदेरी ठिपका एकही नाही.
दैवशाला म्हणाली, रविवारी काय होईल, उस्ताद?
तिचे ओठ बघून त्यांना प्रश्न कळला असावा.

"उगवंल," म्हणाले,
आणि प्लग माझ्या खिशात टाकला.
चांगलाच गरम होता अजून.