एका तबकडीत दोन भाग

हिरोसाकी स्टेशनमागच्या आमच्या दुकानात
हीटरजवळची जागा मालकांच्या मांजराची,
गल्ल्यावरची माझी.
फेब्रुवारीत गिऱ्हाईक म्हणजे बुटांना चिकटून आलेला बर्फ
आणि "नुसतं बघतोय."

त्या दिवशी एक बाई आल्या.
रबरी बूट, बागेत घालायचा जाड कोट,
हातात चिठ्ठी, तिच्यावर ॲनिमेचं नाव,
औषधाचं लिहावं तसं जपून लिहिलेलं.
मी तबकडी काढून समोर ठेवली.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"सात हजार आठशे येन!
यात सगळी मालिका?"
"दोन भाग."
"दोनच?"
"दोन. पुढचे दोन पुढच्या महिन्यात. अशा सहा."

प्रश्न जुनाच.
उत्तर मालक हाताकेयामांनी पाठ करून घेतलंय:
रात्री दीडला, गाव घोरत असताना, ही मालिका लागते,
त्या अर्ध्या तासाचं भाडं
काढणारेच भरतात, टीव्हीवाले नाही.
पदरमोड करून फुकट दाखवायचं
आणि मग वाट बघायची
अख्ख्या देशातल्या तीन-चार हजार वेड्यांची.
खर्च सगळा त्यांच्याच डोक्यावर.
आधी कॅसेटी होत्या, त्या तर घरासाठी नव्हत्याच,
भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी होत्या.
तेव्हा चढलेली किंमत
उतरायचं विसरून गेली.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
आमच्याकडे असतं. करासकट, स्टिकरवर.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या,
"म्हणजे आमच्या सफरचंदांसारखंच.
फुलं खुडायची, फांदीवर मोजकी ठेवायची,
एकेका फळाला कागदी पिशवी चढवायची, उतरवायची,
आणि तोक्योत कुणीतरी एकच फळ उचलून म्हणतो, बाई गं, महाग!"

मग आवाज उतरवून:
"यात नावं असतात का? चित्रं काढणाऱ्यांची?"
"असतात. अगदी शेवटी. पळती."
"टीव्हीवर वाचायच्या आत गेलं.
गजर लावून उठले होते मी.
मिकामी तोमोहारु. मुलगा माझा.
हात खाली असतो ते चित्र दुसऱ्याचं,
हात वर पोचतो तेही दुसऱ्याचं.
मधलं सगळं जाणं हा काढतो."

चित्राला दोनशे येन मिळतात, असं तो एकदा फोनवर बोलून गेला होता.
त्यांनी माझा कॅल्क्युलेटर ओढला,
बागेतल्या बोटांनी सावकाश बटणं दाबली.
"एकोणचाळीस,"
त्या मांजराला म्हणाल्या, किंवा हीटरला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले:
"तबकडीत चित्रं जास्त चांगली असतात.
घाईत बिघडलेली पुन्हा काढून घेतात."
"म्हणजे त्याचं यात नसेलही?"

माझी जीभ तिथेच थांबली.
बर्फ छपरावरून घसरला, धप्प.

"नाव असतं," मी म्हणाले. "नाव पुसत नाहीत."

नियमात बसत नव्हतं, तरी वेष्टण फाडलं,
दुकानातल्या पडद्यावर शेवट लावला
आणि तिसऱ्या प्रयत्नात नेमकं थांबवलं.
काळ्यावर पांढरं, एकोणीस नावांच्या गर्दीत,
तांदळाच्या दाण्याएवढं.
त्या उभ्याच राहिल्या.
मग पडद्यावरची धूळ
कोटाच्या बाहीने पुसली, तेवढ्याच जागेची.

हजाराच्या सात नोटा, एक पाचशेचं नाणं, तीन शंभरची.
पिशवी नको म्हणाल्या.

मार्चमध्ये पुन्हा आल्या, चिठ्ठीशिवाय.
"तीन आणि चार," मी विचारायच्या आधीच.
"प्लेअर घेतलात का?"
"नाही हो,"
पैसे मोजता मोजता म्हणाल्या,
"त्याच्या किमती बघितल्यात का तुम्ही?"