एका कड्यात दोन

सुरू होते, दोन सेकंद चालते, बसते.
सोवनीबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं.
पत्ता सहकारनगरचा, तळजाईच्या चढाआधी,
आणि हॉर्न वाजवू नका, वर बाळंतीण आहे.

नाना पेठेतून निघालो.
डिकीत मीटर, स्कॅनर, काळी चिकटपट्टी.

बॅटरी बारा पूर्णांक सहा. ठणठणीत.
पेट्रोलचा पंप गुणगुणतोय.
किल्ली फिरवली: इंजिन पेटलं
आणि एक, दोन म्हणेपर्यंत गप्प.
काट्यांच्या मधे लाल दिवा,
इवलीशी मोटार, तिच्या पोटात कुलूप,
भराभर डोळे मिचकावणारी.

बिघाड नाही बाई, संशय आहे.

किल्लीच्या काळ्या डोक्यात
तांदळाच्या कणीएवढी चिप असते.
तिला स्वतःचा सेल नाही.
(बटणाचा सेल वेगळा, तो फक्त दारांचा नोकर.)
कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, बांगडीएवढं.
ते चिपला चिमूटभर वीज उसनी देतं
आणि विचारतं: कोण?
उसन्या श्वासावर ती आपली खूण सांगते.
पटली, तर पेट्रोल सुरू राहतं.
नाही पटली, तर दोन सेकंदांची माणुसकी
आणि दार बंद.
दात कुणीही कापून देईल, जुन्या बाजारात, शंभरात.
खूण कापून मिळत नाही.

डावीकडच्या सीटवर सोवनी,
मी यायच्या आधीपासून पट्टा लावून.
"ती क्लच पूर्ण दाबत नाही."
"दाबते."
"तीस वर्षं मी..."
"माहितीये."

वेटोळ्याचं कनेक्टर काढलं, फुंकलं, परत बसवलं.
स्कॅनर म्हणाला, किल्ली ओळखली नाही.
दुसरी आहे का?
बाईंनी जुडगा उचलला: ही काय, इथेच.
एकाच कड्यात दोघी,
पाठीला पाठ लावून.
कधीपासून?
बाई काचेवरची धूळ बघायला लागल्या.
सोवनीच बोलले,
"सोमवारपासून. डोळ्यांच्या डॉक्टरनं माझी बंद केली."

म्हटलं, वेटोळं विचारतं कोण,
आणि या दोघी एकदम बोलतात.
त्याला गलका ऐकू जातो, नाव नाही.
बाई हसल्या.
सोवनी नाही.

कडं फाकवताना नख तुटलं माझं.
बाईंची किल्ली एकटी लावली: सुरू. चालूच राहिली.
मग दुसरी, खात्री म्हणून.
गाडीनं तिलाही ओळखलं,
लगेच, काही न विचारल्यासारखं.
सोवनी बोनेटकडे बघत राहिले,
बराच वेळ, बोनेट थरथरत होतं तोवर.

"ही लांब ठेवा. घरात, हुकाला."
हुक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
बाईंनी ती घेतली
आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली,
चष्म्याच्या घराशेजारी.
"एवढं लांब पुरे ना?"
पुरे.

"नुसती किल्ली काढायचे तीनशे?" सोवनी.
यायचे दोनशे, म्हटलं. काढायचे शंभर.
मोजून दिले, एक नोट उजेडात धरून.

फाटकाबाहेर गाडी वळली,
पहिल्या गिअरमध्ये जरा जास्तच वेळ.
आधी त्यांचा आवाज आला, मग बाईंचा,
मग दोन्ही एकदम.
गाडी बंद पडली नाही.