आठ पौंडांचा दिवस

माझं काम लोकांची कारणं वाचायचं.
बर्मिंगहॅमच्या रिंगरोडच्या आत जुनी गाडी आणली,
आठ पौंड भरले नाहीत, दंडाची नोटीस गेली,
की त्यांचं उत्तर माझ्या टेबलावर येतं.
पाटी दिसली नाही. फोन बंद पडला होता.
सासू अॅडमिट होती. पुन्हा सासू.
एकाने नुसता छातीचा एक्स-रे जोडला होता,
कुणाचा, ते लिहिलं नव्हतं.

आज लॅसेल्स बोगल. वय एकाहत्तर.
दुकानांना पाव पोचवतो.
व्हॅन डिझेलची, दोन हजार नऊची,
"माझ्या गुडघ्यांपेक्षा धड आहे," म्हणतो.
बेकरीच्या बिलामागे निळ्या शाईत लिहिलंय,
घडीत थोडं पीठ अडकलेलं.

साहेब, असं सुरू केलंय. मी बाई आहे, पण असो.
साहेब, तुमचा दिवस रात्री बाराला बदलतो
आणि माझा पाव साडेअकराला भट्टीतून निघतो.
पावणेबाराला आत शिरलो, सव्वाबाराला बाहेर पडलो
तर अर्ध्या तासात माझे दोन दिवस होतात.
सोळा पौंड.
तरुणपणीसुद्धा मी इतक्या भरभर जगलो नाही.

म्हणून मी कॅम्प हिलला थांबतो, रेषेच्या अलीकडे.
जानेवारीत पाव गार पडतो. मीही पडतो.
मग इंजिन चालू ठेवतो, हीटरसाठी.
अलीकडे कितीही चालू ठेवा,
खांबावरचा तुमचा कॅमेरा पलीकडे बघत असतो.

त्या रात्री कुणीतरी काच ठोठावली.
नाइटगाउनवर पुरुषी कोट, पायात रबरी बूट,
हातात इनहेलर, त्यानेच ठोठावत होती.
तिसऱ्या मजल्यावरची अट्रॅक्टा कियो.
म्हणाली, तुझा धूर माझ्या उशीपर्यंत येतो.
म्हणाली, आतल्यांची हवा धुऊन काढलीत
आणि मळकं पाणी आमच्या दारात ओतलंत.
मी म्हणालो, बाई, मी फक्त पाववाला.
ती म्हणाली, मग पाववाल्या, बंद कर.

मी बंद केलं.
सात मिनिटं दोघं गप्प. ती खोकत होती.
मागे अडीचशे पाव थंड होत होते,
आणि थंड पाव घेत नाही कुणी.
अकरा बावन्नला मी आत गेलो.
दुसऱ्या दिवसाचे आठ भरलेत, पावती जोडलीय.
पहिला दिवस माझ्याकडे आठच मिनिटं होता.
मिनिटाला पौंड पडला, साहेब.
हवा तर हवीच. मलाही हवी.
पण रेष आखणाऱ्याने एकदा
रेषेवर रात्र काढून बघावी.

ता.क. ती बाई आता रोज एक पाव घेते.
सुटे पैसे मोजून देते. मी मोजत नाही.

माझ्या स्क्रीनवर नऊ कारणांची यादी आहे.
गाडी चोरीला गेली, हे आहे. गाडी विकली, हे आहे.
कुणाला तरी झोप लागावी म्हणून, हे नाही.
आणि आतल्या यंत्रावरचा आकडा खरोखर उतरलाय,
तो आलेख मीच भिंतीवर चिकटवलाय,
अभिमानाने, चार टाचण्या लावून.

मी 'अमान्य' दाबलं.
मग 'हप्त्याने भरण्याची मुभा' दाबलं,
एवढंच माझ्या बोटांत होतं.
पीठ झटकलं नाही. कागद तसाच स्कॅन केला,
फाइलमध्ये एक पांढरट ढग उमटला.

माझा दिवस पाचला बदलतो.
घरी चालत जाते, रेष ओलांडून.
पायांना अजून काही पडत नाही.
कॅम्प हिलला, पदपथाच्या कडेला,
डांबरावर तेलाचा एक जुना डाग आहे.
आज तिथे एक बस उभी होती, रिकामी,
ड्रायव्हर आत बसून सँडविच खात होता,
इंजिन चालू.
मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी बंद.
काच ठोठवायला माझ्या हातात
छत्रीशिवाय काही नव्हतं.

छत्रीने ठोठावली.