पिवळे दोन

सावद्याला माझा स्टुडिओ आहे. म्हणजे होता.
आता झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्टचे फोटो,
डार्करूममध्ये कागदाचे गठ्ठे.

ऊर्जिता भंगाळे, सातवीतली,
ठोकळ्यांचा खडखडता डबा घेऊन आली.
"मामा, याचा कॅमेरा होतो. रोल आहे का?"
होता. फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या मागे,
मुदत संपून अकरा वर्षं झालेला.
का ठेवला होता ते मला विचारू नका.

भिंग हुसेनभाई घड्याळजींचं, डोळ्याला लावायचं.
शटर म्हणजे चपटा ठोकळा आणि रबरबँड.
रोल सरकवायला खेळण्यातलं दातेरी चाक:
नऊ दात, एक फोटो.
हे नऊ तिनं वाया गेलेली फिल्म
पुन्हा पुन्हा ओढून मोजलं.
काळे ठोकळे पुरले नाहीत. मग लाल, निळे,
आणि वरच्या बाजूला पिवळे दोन.

म्हटलं, पोरी, ही तर चाळणी.
ती बोलली नाही. दार लावलं, दिवा मालवला,
पेटती बॅटरी कॅमेऱ्याच्या पोटात ठेवली.
फटीफटीतून केसाएवढ्या रेघा निघाल्या,
पिवळे तर पिकल्या केळासारखे उजळले.
वायरमनची काळी पट्टी मीच शोधून दिली.
चाळीस वर्षांत
कॅमेरा असा उलटा पाहायचं मला सुचलं नव्हतं.

मे महिना. रावेर रस्त्याला ट्रक भरत होता.
सिकंदर तडवी खांद्यावर घड घेऊन थबकला:
"खेळनं आहे का काय वं हे?"
"हलू नका."
तो हलला नाही. घाम तेवढा हलला.
खट्. आवाज रबराचा.

बारा काढले. निगेटिव्हवर अकरा घरं कोळसा.
बाराव्यासाठी मी एन्लार्जर माळ्यावरून उतरवला.
ट्रेमध्ये आधी घड वर आला, मग सिकंदर,
मग त्याच्या कानापासून चाकापर्यंत
उजेडाचा पांढरा ओरखडा,
आणि वरच्या कडेला ओळीनं आठ गोल ठिपके,
पिवळ्यांच्या गुंड्या.

मी रिटचिंगची पेन्सिल काढली, टोक केलं.
हिनंच किती नवऱ्यामुलींचे
देवीचे वण बुजवले होते.
"मामा, ते राहू द्या.
कुठून गळतं ते कळायला नको?"

कॅमेऱ्यासाठी काचेच्या कपाटात
मी जागा करत होतो,
तोवर तिनं पट्टी ओढून काढली,
ठोकळान् ठोकळा सुटा.
पिवळे दोन माझ्या हातावर ठेवले.
"हे तुम्हाला. बॅटरी कुठे ठेवली?"