सराव-पाठ क्रमांक सात

वहीत आराखडा नीट काढला होता:
दहा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं पासिंग,
बाण निळ्या शाईत, मुलं म्हणजे लाल टिंबं.
कुडचड्याच्या पुढं, कापणी झालेल्या शेतात
टिंबं वेळेवर आलीच नाहीत.
आली ती एका सायकलवर तिघं,
एकाच्या पायांत थोरल्या भावाचे बूट,
एकाच्या फक्त उजव्या पायात.

भाताची खुंटं पोटऱ्या ओरबाडतात.
तिसऱ्या सत्राच्या पुस्तकात
खुंटांवर प्रकरण नाही.

क्वाद्रुस सर बांधावर बसलेले.
हातात बोटानं दाबायचं मोजणीयंत्र,
फेरीबोटीवर माणसं मोजायला असतं तसलं.
टिक्. टिक्.
मला वाटलं, पास मोजताहेत.
म्हणून आणखी ओरडले,
मान वर! जागा सोड! अरे, डावीकडे कोण आहे बघ!
मेल्विना, झेप घे, झेप!
मेल्विना गोलात उभी, हात मागे बांधून.

"तीनशे बारा," सर म्हणाले.
"पास?"
"सूचना. तुझ्या."
आणि शेंगदाण्यांची पुडी पुढं केली.

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून
मला बाबा आठवला. पाडेली.
तो माडावर असतो तेव्हा
आई खालून हाक मारत नाही,
जेवण निवलं तरी.
मी हे लहानपणापासून पाहतेय,
आणि शिकायला फी भरून ताळगावच्या पठारावर गेले.

आठव्या पाठाला गालात एक आमसूल धरलं.
आंबट लाळ सुटली, शब्द सुटले नाहीत.
पंधरा मिनिटं फार लांब असतात.
चेंडू तीनदा ओहोळात गेला.
भांडण झालं, मिटलं, कसं ते मला कळलं नाही.
मग मेल्विना गोल सोडून चालू लागली;
हाक जिभेवर आली, आमसुलाला अडली.
ती गेली कुडीपाशी, कवेत मावेल तेवढं गवत घेऊन आली,
गोलापुढं पसरलं. पुन्हा गेली.
मागोमाग बाकीची.
पेंढ्यावर पहिली झेप तिनं उगाच घेतली, चेंडू नसताना.

सर टिक् करायचं विसरले असावेत,
किंवा करण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारपर्यंत आत्मचिंतन अहवाल द्यायचाय:
"आज मी काय शिकले", किमान पाचशे शब्द.
कागद कोरा आहे.
गाल अजून आंबट.