अडीच फूट पाणी

दारूखान्यात, लाकडाच्या वखारीमागे,
ओहोटीच्या चिखलात दोन शिडाच्या बोटी विकायला आहेत.
फिरोझा सदतीस फूट, टिटवी पंचवीस.
दोघींचा जन्म माझ्या लग्नाच्या आगेमागे,
म्हणजे रंग कितीही लावा, मला कळतंच.

फिरोझाला सहा वाशांचे टेकू दिलेत.
कणा खोल; पाणी ओसरलं की कलंडते,
मोठ्या घरच्या बाईला भर मांडवात चक्कर यावी तशी.
टिटवीला दोन कणे, बुटके.
ती चिखलात ठाण मांडून बसलीय,
पाय फाकवून, मासळी निवडायला बसल्यासारखी.

विद्याधर फिरोझाच्या चाकापाशी गेला तो तिथलाच झाला.
"आत ताठ उभं राहता येतं गं!" वरून ओरडला.
खरं होतं. सागवानी टेबल, चार जणांची झोपायची सोय,
एका खणात कुठल्या तरी जुन्या सालचं
भरती-ओहोटीचं पुस्तक, पानांवर लोणच्याचं तेल.
गोव्याला जाऊ, म्हणाला. लक्षद्वीपला जाऊ.
पोरं येतील सुट्टीत.
पोरं.
एक कॅल्गरीला, आणि एकीला बोट लागते.

दाऊदभाई मुकादम लाकडी हातोडी घेऊन आले
आणि दोघींच्या अंगावर ठोकत फिरले,
कलिंगड घेताना वाजवून बघतात तसे.
फिरोझा बराच वेळ टणटणीत बोलली,
मग डोलकाठीच्या बुंध्याशी एकदम भद्द.
खडूची फुली. पुढे आणखी एक.
सातनंतर मी मोजायचं सोडलं.
टिटवीवर तीन. "हिलाही आहे," ते म्हणाले,
"या वयात नसेल तर मलाच संशय येईल.
पण हिच्या फुल्या तुमच्या हातांनी भरतील.
तिच्या भरायला माझी दोन पोरं लागतील,
आणि साहेबांची पेन्शन."

टिटवीत मला वाकून शिरावं लागलं.
एका बर्नरचा स्टोव्ह. समोरासमोर दोन बाकं,
मधल्या जागेत कसाबसा माझा गुडघा.
भांडण झालं तर
रागावून जायला दुसरी खोली नाही.
याचा मी खरंच विचार केला, बराच वेळ.

बत्तीस वर्षं बंदराच्या नकाशाखोलीत
मी निबाने पाण्याची खोली लिहिली.
अकरा. नऊ पॉइंट चार. सात.
किनाऱ्याकडे आकडे लहान होत जातात,
शेवटी तर आकड्याखाली रेघ,
म्हणजे ओहोटीत उघडी पडणारी जमीन.
तिला हिरवा रंग द्यायचा, फिकट, कडेला न ओघळता.
घारापुरीची मागची बाजू, न्हाव्याची खाडी,
करंजाच्या तोंडाशी एक जिभेसारखा पट्टा,
ज्यावर माझ्या शाईचा एक ठिपका सांडला होता
आणि साहेबांनी तो खडक म्हणून पास केला.
त्या हिरव्यात मी कधी पाय घातला नाही.
फिरोझाला सहा फूट पाणी लागतं.
ती माझ्या मोठ्या आकड्यांवरूनच जाणार,
जिथून सगळेच जातात.
टिटवीला अडीच पुरे.

"टिटवी म्हणे!" विद्याधर हसला.
"ती समुद्र आटवायला निघाली होती तीच ना?"
मी म्हटलं, निघाली होती, आणि आटवला.

तीन बाराला पाणी फिरलं.
आधी खेकड्यांची बिळं भरली,
मग एक चप्पल तरंगली, मग थर्माकोल.
दाऊदभाई किमतीचं बोलत होते,
मी हो-हो म्हणत टिटवीच्या कण्यांकडे बघत होते.
साडेचारच्या सुमाराला ती जराशी हलली
आणि आवाज न करता उचलली गेली.
दोराने खुंटीपाशी एक आळस दिला.

फिरोझा अजून टेकूंवरच होती,
आणि विद्याधर तिच्या चाकावर, दोन्ही हात
घड्याळातल्या दहा आणि दोनवर,
मला मोटार शिकवताना त्यानेच सांगितले होते तसे.
मी हाक मारली नाही.
त्याच्या पाण्याला अजून तासभर होता.